त्याला तुमचं तोंड दिसू द्या! कुत्र्यामांजरांच्या फोटोंबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात याच पानावर विचारलं होतं की घरच्या कुत्र्यामांजरांचे फोटो काढताना नेमकं कुठं अडतं ते कळवा, तर नाशिककरांनी पत्रं, ईमेल आणि लांबच लांब व्हॉइस नोट यांचा नुसता पाऊस पाडला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम काढून फक्त एरिया ठेवलाय, प्राण्यांची नावं मात्र तशीच ठेवलीत कारण ती वाचूनच माझा अर्धा दिवस छान गेला.

प्रश्न (गंगापूर रोड): ताई, आमचा बीगल आहे, बंटी. दिवसभर इतकी नाटकं करतो की विचारू नका, भुवया काय उडवतो, मान काय वाकडी करतो, रुसून पाठ काय फिरवतो, पण मी फोन काढला रे काढला की साहेब एकदम मख्ख. बिस्कीट दाखवलं तर सगळ्या फोटोंत नजर बिस्किटावर आणि चेहरा रेशनच्या रांगेत उभं केल्यासारखा. खाऊशिवाय काही युक्ती आहे का?

उत्तर: आहे, आणि फुकट आहे. तुमचं तोंड. तुम्ही फोन तोंडासमोर धरता ना, तिथंच सगळी गडबड होते. इंग्लंडातल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचा २०१७ सालचा एक अभ्यास आहे, त्यात कुत्र्यांसमोर माणूस कधी तोंड करून उभा, कधी पाठ करून, कधी हातात खाऊ, कधी हात रिकामे, असं सगळं करून कुत्र्यांच्या चेहऱ्याच्या हालचाली मोजल्या होत्या. माणूस त्यांच्याकडे बघत असला की चेहरा जास्त हलायचा, आणि खाऊ असल्यानसल्यानं काही खास फरक पडला नाही. म्हणजे बंटीची नाटकं चालतात ती प्रेक्षक बघतोय म्हणून, आणि तुम्ही फोनमागं गायब झालात की तो कशाला मेहनत घेईल? अन् ते भुवया उडवणं म्हणाल तर २०१९ मध्ये तिथल्याच संशोधकांनी दाखवलं की आतल्या बाजूची भुवई वर उचलणारा जो बारीक स्नायू आहे तो कुत्र्यांमध्ये व्यवस्थित असतो आणि लांडग्यांमध्ये जवळजवळ नसतोच, म्हणजे तो 'मी किती बिचारा' वाला चेहरा माणसाच्या संगतीत राहून राहून आलाय असं म्हणायला जागा आहे.

आता करायचं काय, तर जमिनीवर बसा, फोन छातीशी किंवा गुडघ्यावर धरा, स्क्रीनकडे फक्त फ्रेम लावण्यापुरतं बघा आणि मग नजर सरळ बंटीवर. क्लिक आवाज वाढवायच्या बटणानं करा, बहुतेक सगळ्या फोनमध्ये ते चालतं. फ्रेम थोडी सैल ठेवा, कडेचं नंतर कापता येतं, कापलेला कान मात्र परत जोडता येत नाही. आणि त्याच्याशी बोला, म्हणजे रोज जसं बोलता तसंच, 'कॅमेऱ्याकडे बघ बंटी' अशा शाळेतल्या बाईंच्या आवाजात नको. मान वाकडी हवी असेल तर त्याच्या ओळखीचा एखादा शब्द वापरा, 'गाडी', 'आज्जी', 'कोण आलं?' असं काहीतरी, पण हा बाण एकदोनदाच चालतो, म्हणून आधी फोन तयार ठेवायचा आणि मग शब्द काढायचा. आणि हो, 'फिरायला' म्हणालात तर खरंच न्या त्याला. चारदा फसवलंत की पाचव्यांदा कान सुद्धा हलणार नाही आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटणार नाही.

प्रश्न (इंदिरानगर): आमचा काळा लॅब्रॅडॉर, नाव कोळसा. फोटोतही कोळसाच येतो, नुसता काळा गोळा आणि त्यात दोन ठिपके. कधी कधी उलट होतं, तो राखाडी दिसतो आणि मागची भिंत पांढरीफटक. फोनमध्येच काही बिघाड असेल का?

उत्तर: फोन ठणठणीत आहे. फोनला कोळसा कोण आणि चुना कोण हे काही माहीत नसतं, तो समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी मधल्या राखाडीवर आणून ठेवायला बघतो. कोळसा पांढऱ्या भिंतीसमोर लहानसा बसलेला असला की फोनला वाटतं उजेड फार झाला, मग तो सगळंच काळवंडून टाकतो. आणि कोळशानं पूर्ण फ्रेम भरली की वाटतं अंधार आहे, मग उजळवत बसतो आणि तुमचा काळाभोर कुत्रा राखेत लोळल्यासारखा दिसतो. स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल आणि शेजारी सूर्याची खूण किंवा एक पट्टी दिसेल, ती वरखाली सरकवून उजेड तुम्ही ठरवा. गोळा झाला असेल तर थोडं वर, राख झाली असेल तर थोडं खाली. कॅमेरा असेल तर काळ्या कुत्र्यानं फ्रेम भरली की एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, साधारण पाऊण ते एक स्टॉप उणे (एक स्टॉप उणे म्हणजे उजेड निम्मा), आणि पांढऱ्या मांजराला तेवढंच अधिक.

पण खरं काम उजेडाच्या दिशेचं आहे. काळ्या केसांचा रंग फोटोत येत नसतो, त्यावरची चमक येते, म्हणून उजेड बाजूनं पडला पाहिजे. सकाळी बाल्कनीच्या दारात किंवा जिन्यातल्या खिडकीपाशी त्याला आडवा बसू द्या, म्हणजे एका बाजूनं कपाळ, गालाचं हाड, नाकाची कड अशी एकेक उजळत जाते, आणि डोळ्यात खिडकीचा छोटासा पांढरा चौकोन पडतो. तो चौकोन दिसेपर्यंत बटण दाबू नका! काळ्या कुत्र्याच्या चेहऱ्यावर सगळा भाव त्या ठिपक्यातच असतो, तो नसला की डोळे काचेच्या गोट्या. मागं पांढरी भिंत टाळा, झाडं, जुनं लाकडी दार, विटांची भिंत, काहीही मध्यम गडद चालेल. दुपारचं ऊन मात्र नको, त्यात पाठ चमकते आणि तोंड काळोखात जातं.

प्रश्न (सिडको, कॉलेज स्टुडंट): ताई आमची भाटी आहे पिंकी, ती कॅमेऱ्याकडे कधीच म्हणजे कधीच बघत नाही. मी दोन तास मागं मागं फिरलो परवा. फोटो आले सगळे शेपटीचे. काय करू भो?

उत्तर: पहिली गोष्ट, मागं मागं फिरणं बंद कर. मांजरीच्या हिशोबात जो टक लावून बघत मागं येतो तो एकतर दुश्मन असतो नाहीतर बावळट. जमिनीवर पसर, फोन पायाशी ठेव, दुसरंच काहीतरी कर, अभ्यास केलास तरी चालेल. दहापंधरा मिनिटांत पिंकीबाई स्वतः चौकशीला येतील.

आली की तिच्याकडे बघून डोळे सावकाश बारीक कर, मिटत आण, परत उघड. हे माझं घरगुती खूळ नाही हां. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलं, मालकानं असे सावकाश डोळे मिचकावले की मांजरंही जास्त वेळा तसंच करतात, आणि अनोळखी माणसानं केलं तर त्याच्या हाताजवळ जायला जास्त तयार होतात. तर ते अर्धमिटल्या डोळ्यांचं जे सुख असतं ना मांजराच्या तोंडावर, ते असं मागून घेता येतं. फोन आधीपासून खाली जमिनीला टेकवून तिच्या उंचीवर ठेवलेला असला की झालं.

दुसरं, बुबुळं. भर उन्हात मांजरीचं बुबुळ उभी रेघ होतं आणि ती रागावल्यासारखी दिसते, मनात राग नसला तरी. तीच मांजर संध्याकाळी घरात, खिडकीपासून थोडी आत बसली की बुबुळं मोठी, गोल आणि काळीभोर, आणि चेहरा लगेच लहान बाळासारखा. त्यामुळे गोंडस फोटो पाहिजे असेल तर मंद उजेड आणि रुबाबदार पाहिजे असेल तर ऊन. नाहीतरी मांजरं पहाटे आणि दिवेलागणीलाच जास्त चळवळी असतात, दुपारी दोनला तिच्याकडून भाव मागणं म्हणजे सरकारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सही मागणं.

आवाजाचंही सांगते. सुकटाचा डबा, चिवड्याची पिशवी, नखानं पुठ्ठा खरवडणं, यातला एक आवाज एकदाच, आणि कान वळले की क्लिक. कान आडवे पडून विमानाच्या पंखासारखे झाले किंवा शेपटी फटकारायला लागली की बस कर, ती वैतागलीय. आणि तिनं बघितलंच पाहिजे असं कुणी सांगितलं तुला? खिडकीतून कबुतराकडे बघताना तिचा जबडा थरथरतो, मिशा पुढं येतात, तो फोटो बाजूनं काढ, कॅमेऱ्यात बघणाऱ्या शंभर फोटोंना भारी पडेल. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या आधी वाटाण्याचा कोंब वाढताना थोडा थोडा करून चित्रित केला होता. पिंकी वाटाण्यापेक्षा तर लवकर हलते ना?

प्रश्न (पंचवटी, एक आजी): मुलानं त्याचा जुना मोबाइल दिलाय. रात्री जेवणं झाली की आमची मनी माझ्या पांघरुणात येऊन बसते तेव्हा फोटो काढते तर डोळे हिरवे पेटलेले येतात, नातू घाबरतो. आणि फ्लॅश बंद केला तर सगळं पुसट. काय करावं?

उत्तर: आजी, नातवाला सांगा की मनीच्या अंगात काही आलेलं नाही. मांजरांच्या आणि कुत्र्यांच्या डोळ्यात पडद्यामागं एक चकाकणारा थर असतो, कमी उजेडात दिसावं म्हणून, तो आत आलेला उजेड परत फेकतो. फ्लॅश सरळ डोळ्यात गेला की तोच उजेड हिरवा पिवळा होऊन बाहेर येतो. तेव्हा फ्लॅश कायमचा बंद. पुसट येतं त्याचं कारण असं की रात्री फोन जास्त वेळ उजेड गोळा करत बसतो आणि तेवढ्यात मनी हलते नाहीतर तुमचा हात हलतो. घरातले सगळे दिवे लावा, मनी पांघरुणात पेंगायला लागली की कोपर उशीवर टेकून काढा, लांबून झूम करू नका, फोनच जवळ न्या. आणि सगळ्यात आधी फोनच्या मागची ती बारीक काच पदरानं पुसा. जुन्या फोनच्या निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात, खरंच सांगते.

प्रश्न (कॉलेज रोड): आमच्या पगचा जीभ बाहेर काढून खळखळून हसतानाचा फोटो मी स्टेटसला टाकला, दोनशे लाइक आले, पण शेजारचे काका म्हणाले तो हसत नाहीये, त्याला त्रास होतोय. मूड गेला हो माझा. खरं काय?

उत्तर: फोटो मी बघितला. काकांचं बरोबर आहे असं मला वाटतं. कुत्रा निवांत असतो तेव्हा तोंड सैल उघडं असतं, जीभ नुसती लोंबते, डोळे मऊ असतात. तुमच्या फोटोत ओठांचे कोपरे मागं ताणलेत, जीभ पार बाहेर येऊन टोकाला रुंद झालीय आणि डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतंय. मागं भिंतीवर ऊनही दिसतंय. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकूनही अंग पटकन थंड करता येत नाही आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवसांत बाहेरचं फोटोसेशन सकाळी लवकर, तेही थोडक्यात, आणि पाण्याचं भांडं बरोबर. फरशीवर किंवा डांबरावर आपला तळहात टेकून बघा, पाचसहा सेकंद ठेववत नसेल तर त्याला तिथं बसवू नका. धाप नेहमीपेक्षा जास्त वाटली, घशातून घरघर यायला लागली तर फोटो राहू द्या, लगेच डॉक्टर.

बाकी चुकीची समजूत करून घेण्यात तुम्ही एकट्या नाही. झोप आलेली नसताना जांभई, तोंडात काही नसताना ओठ चाटणं, मान दुसरीकडे आणि डोळे मात्र तिरके तुमच्याकडे, हे सगळं फोटोत 'क्यूट' दिसतं आणि कुत्रा सांगत असतो की आता पुरे. लहान मुलं गळ्यात पडलेली असतात त्या फोटोंत तर हे हमखास असतं, तिथं लाइक मोजण्याआधी कुत्र्याचा चेहरा नीट बघा.

प्रश्न (म्हसरूळ): मामांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. फेब्रुवारीत घड भरलेले असताना आमच्या गोल्डन रिट्रीव्हरला तिथं नेऊन फोटो काढायचेत, मांडवाखाली, घडाला तोंड लावताना वगैरे. टिप्स द्या.

उत्तर: मांडवाखाली जरूर, घडाला तोंड अजिबात नाही. द्राक्षं आणि मनुके कुत्र्यांना विषारी असतात, किडनी निकामी होऊ शकते, आणि कुणाला किती खाल्ल्यावर बाधेल याचा भरवसा नसतो. खाली पडलेले मणीसुद्धा तो गपकन उचलेल, त्यामुळे पट्टा हातात आणि एक माणूस फक्त त्याच्या तोंडावर लक्ष ठेवायला. आणि फवारणी कधी झालीय ते मामांना विचारूनच आत न्या. आता फोटोचं म्हणाल तर वेलीच्या पानांतून गाळून येणारा उजेड दिसायला सुंदर पण चेहऱ्यावर कवडसे पाडतो, अर्धं नाक पांढरं अर्धं काळं. त्यापेक्षा दोन ओळींच्या मधल्या रस्त्याच्या टोकाला त्याला बसवा, सकाळच्या थंडीत, सूर्य त्याच्या पाठीमागं, तुम्ही मातीत पालथे. सोनेरी केसांच्या कडेनं उजेडाची रेघ येते आणि मागं वेली लांबवर निमुळत्या होत जातात. कापता आला तर पट्टा नंतर फोटोतून काढा, जागेवर नको.

प्रश्न (जुने नाशिक): गणपतीत बोक्याला फेटा आणि कुत्रीला नऊवारी असा प्लॅन आहे. आणि रंगपंचमीला रहाडीजवळ, म्हणजे रंगाच्या हौदाजवळ, रंगलेला फोटो कसा वाटेल?

उत्तर: रंगपंचमीचा तर विषयच नको, ते अंग चाटतात, रंग पोटात जातो, डोळ्यात जातो. कपड्यांचं खूळ जुनं आहे, इंग्लंडात ब्रायटनला हॅरी पॉइंटर नावाच्या फोटोग्राफरनं १८७० च्या दशकात मांजरांना सायकलवर बसव, चहाच्या टेबलावर बसव असे फोटो काढून कार्डं विकली होती. पण ते बघून आपल्याला हसू येतं ते माणसाच्या उपद्व्यापाचं, मांजराचा चेहरा त्यात गोठलेलाच असतो. फेटा चढवला की बोक्याचे कान दाबले जातात, आणि कान दाबले की अर्धा भाव गेला. त्यापेक्षा मखर चाललंय, पताका पसरल्यात, थर्माकोलच्या खोक्यात बोका आपणहून जाऊन बसलाय, तो फोटो काढा. तो बसणारच आहे, तुम्हाला माहितीये.

प्रश्न (पाथर्डी फाटा): सेकंडहँड कॅमेरा घेतला, मोठी लेन्सही घेतली. सकाळी गोल्फ क्लब मैदानाच्या बाजूला आमच्या कॅरवान हाउंडला पळवतो पण पळतानाचे फोटो सगळे हललेले, आणि जे शार्प आलेत त्यात तो बुटका दिसतो. एवढा उंच कुत्रा!

उत्तर: हललेल्याचं पटकन सांगते. शटर एक सहस्रांश सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ, फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर, बर्स्ट, म्हणजे एका दमात अनेक फोटो, चालू. कॅमेरा नवा असेल तर मेनूत प्राण्यांचा डोळा ओळखणारा फोकस शोधा, सोनीनं तो २०१९ मध्ये फर्मवेअरमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, दिला, मग कॅनन, निकॉनमध्येही आला. कॅरवानसारखा कुत्रा आडवा पळत गेला तर दोन ढांगांत फ्रेमबाहेर, म्हणून एकानं त्याला लांब धरून ठेवायचं आणि हाक तुमच्या मागून मारायची, म्हणजे तो सरळ तुमच्याकडे येतो, चारही पाय हवेत, कान मागं उडालेले, ओठ फडफडतायत. बॉल टाकणार असाल तर निळा टाका, कुत्र्यांना निळं आणि पिवळं नीट कळतं, हिरव्या गवतात लाल बॉल त्यांना आपल्यासारखा उठून दिसत नाही.

बुटका दिसतो कारण तुम्ही उभे आहात. साडेपाच फुटावरून खाली बघितलं की कोणताही कुत्रा म्हणजे डोकं, पाठ आणि मागं गवत. एलियट एर्विट नावाचा अमेरिकन फोटोग्राफर होता, १९२८ ते २०२३, आयुष्यभर कुत्र्यांचे फोटो काढले त्यानं, हातातल्या काठीला भोंगा लावून फिरायचा आणि वेळप्रसंगी कुत्र्यांवर स्वतः भुंकायचा. त्याचा १९७४ चा न्यूयॉर्कमधला एक फोटो शोधून बघा. उजवीकडे टोपी आणि कोट घातलेला इवलासा चिवावा, मधे बाईचे बूट, आणि डावीकडे दोन लांब काटकुळे पाय, जे आधी माणसाचेच वाटतात आणि मग लक्षात येतं की ते ग्रेट डेनचे पुढचे पाय आहेत, वरचा कुत्रा फ्रेममध्येच नाही. कॅमेरा चिवावाच्या उंचीवर नेला म्हणून हे घडलं, उभं राहून काढला असता तर दोन कुत्रे आणि एक बाई एवढंच मिळालं असतं. तुम्हीही तेच करायचं, कॅमेरा त्याच्या छातीच्याही खाली न्या, म्हणजे कॅरवान आभाळात जाईल. पँट खराब होणार, मैदानात दव असतं, जुनं गोणपाट बरोबर ठेवा. फिरायला आलेली मंडळी बघून हसतील, हसू द्या.

प्रश्न (अंबड): कंपनीच्या गेटवर गावठी कुत्रीला पाच पिल्लं झालीत. चार जणांना घरं मिळाली, एक काळपट पिवळी मुलगी राहिलीय. फोटो टाकतोय पण कुणी विचारत नाही.

उत्तर: तुमचा फोटो वरून काढलाय, पिल्लू कोपऱ्यात दबलंय, मागं पत्रा आणि ऑइलचा डबा. बघणाऱ्याला दया येते पण घरी न्यावंसं वाटत नाही, आणि दत्तक घेताना माणूस स्वतःच्या घरात तिला कल्पून बघत असतो. तिला आधी पोटभर खायला घाला, खेळवा, दमवा. मग साध्या चादरीवर, सावलीत, तिच्या डोळ्याच्या पातळीवर फोन ठेवून तीन फोटो घ्या. एक सरळ डोळ्यात बघणारा, कान वर. एक कुणाच्या तरी हातात किंवा मांडीवर, म्हणजे आकारही कळतो आणि माणसाळलेली आहे हेही कळतं. एक खेळतानाचा, चप्पल ओढताना वगैरे, त्यात स्वभाव दिसतो. जोडीला छोटा व्हिडिओ. पिल्लाच्या अगदी नाकाशी फोन नेऊ नका, वाइड लेन्सनं नाक बटाट्याएवढं येतं, दोन पावलं मागं सरका आणि दुप्पट झूम वापरा. पोर्ट्रेट मोड वापरलात तर मिशा आणि कानाची कड तपासा, तो मोड केस खातो. फिल्टर लावून रंग उजळवू नका, आहे ती आहे. वय, लस झाली का, नसबंदीचं काय, हे दोन ओळीत खाली लिहा आणि तुमच्या गेटचा पत्ता पब्लिक पोस्टमध्ये टाकू नका, नाहीतर लोक आणखी पिल्लं आणून सोडतात.

प्रश्न (नाशिकरोड): आमचा टायगर तेरा वर्षांचा झालाय. डोळे निळसर धुरकट झालेत, तोंड पांढरं. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे. चांगले फोटो काढून ठेवायचेत पण तो आता काहीच करत नाही, पडून असतो.

उत्तर: पडून असतो तर पडलेलाच काढा, त्याला उठवू नका. धुरकट डोळ्यांवर समोरून उजेड किंवा फ्लॅश टाकला की धुरकटपणाच जास्त उठतो, बाजूचा मऊ उजेड घ्या. पण माझं ऐकाल तर चेहऱ्यावरच अडकू नका. पुढच्या पायावर पडलेले घट्टे, पंजाचा तो चिरा पडलेला गादीचा भाग, पांढऱ्या झालेल्या हनुवटीवर उरलेले चार काळे केस, तो नेहमी ज्या पायपुसण्यावर झोपतो त्याचा झालेला खोलगट आकार, हे सगळं जवळून काढा. तुम्ही ऑफिसातून येता तेव्हा तो उठत नाही पण शेपूट दोनदा जमिनीवर आपटतो असं तुम्ही पत्रात लिहिलंय, त्याचा व्हिडिओ करा, आवाजासकट. आणि घरातल्या प्रत्येकाबरोबर एकेक फोटो, विशेषतः तुमचा स्वतःचा, कारण घरात जो फोटो काढतो तो नेमका कशातच नसतो. फोन दुसऱ्याच्या हातात द्या आणि त्याच्याशेजारी आडवे व्हा.

प्रश्न (देवळाली कॅम्प): मिस्टर म्हणतात फोनची मेमरी मांजरानंच भरली. साडेचार हजार फोटो आहेत. शिवाय मागच्या आठवड्यात मोठी प्रिंट काढायला दिली तर फुटकी आली. लॅबवाला म्हणतो तुमचा फोटोच खराब.

उत्तर: मिस्टरांची बाजू थोडी घेते हां. बर्स्ट काढला की त्याच रात्री त्यातला एक ठेवायचा, बाकी उडवायचे, दुसऱ्या दिवशी प्रत्येक फोटोवर जीव जडतो आणि मग काहीच उडत नाही. निवडताना डोळे शार्प आहेत का ते मोठं करून बघा, नाक शार्प आणि डोळे मऊ असतील तर उडवा, बाकी मागं धुणं वाळत असलं तरी चालेल, घर आहे ते. नव्या आयफोनमध्ये, २०२३ च्या अपडेटपासून, माणसांसारखा पाळीव प्राण्यांचाही वेगळा अल्बम आपोआप होतो, त्यात बसून साफसफाई पटकन होते.

प्रिंटचं म्हणाल तर लॅबला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलात ना? तिथंच फुटला. साधा पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटला तो पुरतो, कारण तिला साधारण १२०० बाय १८०० पिक्सेलच लागतात, पण १२ बाय १८ ला तो ताणला की चौकोन दिसायला लागतात. एचडीचा पर्याय २०२३ पासून आहे, तोही पूर्ण मूळ फोटो पाठवत नाही. तेव्हा अटॅच करताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर ओरिजिनल फाइल पेनड्राइव्हमध्ये घेऊन सरळ लॅबमध्ये जा, आणि प्रिंट मॅट कागदावर मागा, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि काळ्या मांजराचं तोंडच दिसत नाही.